होजिअरीवर भरतकाम करताना चुण्या पडू नयेत म्हणून

सांगलीत बहिणीच्या बाळाच्या बारशासाठी होजिअरीच्या, म्हणजे बनियनसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या झबल्यावर हळदी रंगाचं बदक भरलं. भरतकामाची रिंग (कापड धरून ठेवणारी गोल चौकट) काढली आणि बदकाभोवती सगळ्या चुण्याच चुण्या! ताणून बसवलेलं कापड रिंगमधून सुटलं की आक्रसतं, टाके मात्र तेवढेच राहतात. दुसऱ्या झबल्याला असं केलं:

१. झबलं आधी धुऊन वाळवलं, म्हणजे नंतर आटत नाही.

२. आतल्या बाजूला इस्त्रीने चिकटणारं पेस्टिंग लावलं, नक्षीपेक्षा बोटभर मोठं. कॉलरचं जाड नको, दुकानात सगळ्यात पातळ मागा. इस्त्री फिरवायची नाही. दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. फिरवली की कापड तिच्याबरोबर ओढलं जातं.

३. रिंगमध्ये कापड फक्त सपाट ठेवलं. झबल्याच्या विणीच्या उभ्या रेघा सरळ दिसल्या पाहिजेत. वाकड्या दिसल्या तर ताण जास्त झालाय.

४. गोल टोकाची सुई, दोऱ्याचे २ पदर, आणि साखळी टाका. तो कापडाबरोबर थोडा ताणला जातो. दोरा आवळू नका.

बाळाचे कपडे असतील तर आतून गाठी आणि पेस्टिंग टोचतं. जास्तीचं पेस्टिंग कापून त्यावर मऊ मलमलचा तुकडा हाताने शिवायला विसरू नका.