मिग-२१ मॉडेलची नाकावरची पिटो नळी सारखी तुटते – माझा अनुभव

मिग-२१ एफएल या लढाऊ विमानाचा जुना १/७२ चा (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा) प्लास्टिकचा किट, नाकावरची लांब प्लास्टिकची पिटो नळी (खऱ्या विमानात वेग मोजायला हवेचा दाब घेणारी नळी) हात लागला की बुडातून मोडते. किटच्या ग्लूने चिकटवली, सुपरग्लू लावला, स्प्रू (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात ती काडी) तापवून ओढून नवी केली, तरी तिथंच तुटायची. लई वैताग आला होता.

शेवटी सुईची केली. मेडिकलमधून २३ आणि ३० गेजच्या नव्या सुया घेतल्या, २३ ची बाहेरून ०.६४ मिमी आणि आतून ०.३४ च्या आसपास असते, ३० ची बाहेरून ०.३१, म्हणजे एकात एक बसते आणि खऱ्या नळीसारखी पुढं बारीक होत जाते. ड्रिलचे बारीक बिट कोल्हापूरच्या गुजरीजवळ सोनारकामाच्या सामानाच्या दुकानात मिळाले.

आधी नाकाच्या आतून स्प्रूचा तुकडा ग्लूने चिकटवून एक दिवस वाळू दिला, नाहीतर ड्रिलला प्लास्टिकच पुरत नाही. मग तुटलेला बुडखा सपाट घासला, टाचणीने खूण केली, हाताने फिरवायच्या ड्रिलने आधी ०.५ आणि मग ०.७ मिमीचं भोक पाडलं, वरून आणि बाजूनं सारखं बघत. सुई पक्कडीने तोडू नका, तोंड चेपतं. ब्लेडच्या पातीखाली गोल फिरवून रेघ पाडा आणि मोडा, टोकदार भाग डब्यात बंद करून टाका. रंग, डेकल (विमानावरची चिन्हं-आकड्यांची चिकटचित्रं) झाल्यावर टूथपिकनं सुपरग्लूचा थेंब लावून बसवली.

एफएलला नळी वर मधोमध, बिसला (मिग-२१ चाच नंतरचा प्रकार) उजवीकडं सरकलेली, भोक पाडायच्या आधी फोटो बघाच.