माळ्यावरचा टीव्ही गेम पुन्हा लावताय? आधी या चुका टाळा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक खोकं खाली येतं. आत पिवळट पडलेला गेमचा डबा, दोन कंट्रोलर, एक बंदूक आणि ‘9999 इन 1’ लिहिलेली कॅसेट. (त्यातले खरे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, बाकी तेच तेच फिरवून.) पोरं सोडाच, मोठ्यांनाच दम निघत नाही आणि काम बिघडतं ते तिथेच. वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर सुखरूप राहिलेला डबा खाली आल्यावर पहिल्याच संध्याकाळी कसा जळतो, हे मी स्वतःच्या हाताने करून पाहिलंय.

माझी चूक अडॅप्टरची होती. मूळचा हरवला होता म्हणून बाजारातून तो खटका सरकवायचा अडॅप्टर आणला, 3 पासून 12 व्होल्टपर्यंतचा. खटका 9 वर नीट लावला. पण त्याच अडॅप्टरला प्लस-मायनस बदलायचा आणखी एक छोटा खटका असतो, त्याकडे पाहिलंच नाही. लाल दिवा लागला नाही. पाच सेकंदांनी वास मात्र आला.

पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला असं नसतं. डब्याच्या पाठीवर किंवा पोटावर व्होल्ट लिहिलेले असतात आणि शेजारी गोल-ठिपक्याची खूण असते. मधल्या ठिपक्याला जोडलेलं चिन्ह मायनस असेल, तर पिनच्या आतल्या भोकात मायनस हवा. राउटरचे अडॅप्टर बहुतेक 12 व्होल्टचे आणि नेमके उलटे, आत प्लस असलेले. आपल्याकडचे डबे ज्याची नक्कल होते, तो निन्टेन्डोचा 1983 चा जपानी फॅमिकॉम 10 व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) चालतो, आत मायनस. त्याच कंपनीच्या अमेरिकन डब्याचा, म्हणजे एनईएसचा, अडॅप्टर मात्र 9 व्होल्ट एसी (दिशा सतत बदलणारी वीज) देतो. एसीचं डीसी करायची सोय त्या एनईएसच्या पोटातच आहे. फॅमिकॉममध्ये ती नाही, त्यामुळे तो अडॅप्टर इथे लावला की खेळ खलास. नकली डब्यांत तर ज्याचं त्याचं वेगळं, म्हणून खूण वाचल्याशिवाय बटण दाबू नका. ‘थोडे व्होल्ट जास्त असले तर काय होतं’ हेही नको. बहुतेक डब्यांत 7805 नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर आत आलेल्या विजेचे 5 व्होल्ट करतो, आणि वरचे सगळे व्होल्ट नुसती उष्णता होऊन जातात. शंका असेल तर कोपऱ्यावरच्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे मल्टिमीटर असतोच, दोन मिनिटांचं काम.

दिवा लागला पण पडदा करडा, किंवा रंगीत ठोकळ्यांचा गोंधळ? डबा मेला असं लगेच ठरवू नका. दोष बहुधा कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्यांवर चढलेल्या मळाचा असतो. इथे आपण सगळेच एक जुनं पाप करतो: कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची. गेम चालू व्हायचा म्हणून फुंकरीवर विश्वास बसला. खरं तर कॅसेट काढून परत बसवल्यामुळे पिना नव्याने घासल्या जायच्या. फुंकरीतून जायची ती तोंडातली वाफ, आणि तिनेच पट्ट्या हळूहळू काळ्या पडतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने पुसा, काडी पांढरी निघेपर्यंत. माझ्या कॉन्ट्राच्या कॅसेटला सात काड्या लागल्या, पहिल्या तीन तर काजळासारख्या निघाल्या. पूर्ण वाळू द्या आणि मगच लावा. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर लांब ठेवा, प्लॅस्टिक विरघळतं. आणि डबा चालू असताना कॅसेट ओढायची नाही, हे पोरांना आधीच सांगून ठेवा.

आता टीव्ही. नव्या टीव्हीच्या मागे पिवळं-पांढरं-लाल, म्हणजे एव्हीची जागा, असं सरळ काही सापडत नाही. कधी पिवळी आणि हिरवी जागा एकच असते. तिथे पिवळी वायर लावून मेनूत कंपोनंट (हिरव्या वायरीची वेगळी पद्धत) निवडलं की चित्र काळं-पांढरं येतं, आणि आपण डब्याला शिव्या घालतो. एव्ही निवडा. कधी इअरफोनसारखं एकच भोक असतं. त्याची वायर टीव्हीसोबत आलेलीच वापरा. दुसरी लावली तर आतला क्रम बदललेला असू शकतो. अशा वेळी पिवळी काढून लालमध्ये लावून बघितली तरी कित्येकदा चित्र येतं. टीव्हीला एव्ही नाहीच, म्हणून कन्व्हर्टर मागवणार असाल तर ‘एव्ही टू एचडीएमआय’ मागवा. ‘एचडीएमआय टू एव्ही’ दिसतो तसाच, पण उलटं काम करतो.

चित्र आलं, पण मारिओ उडी मारेपर्यंत खड्ड्यात पडलेला असतो. वय झालं म्हणून नाही. टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात वेळ घालवतो. सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा, चित्र 4:3 (जुन्या टीव्हीच्या आकाराचं) करा, म्हणजे मारिओ जाडजूड दिसणार नाही.

याच्या उलट गंमतही होते. निन्टेन्डो स्विचसारख्या नव्या कन्सोलवर 1985 चा सुपर मारिओ लावला की तो लहानपणापेक्षा भरभर पळतोय असं वाटतं. वाटतं नाही, पळतोच. आपल्याकडच्या पाल (PAL) या टीव्ही पद्धतीचे जुने डबे सेकंदाला 50 चित्रं दाखवायचे, मूळ गेम 60 साठी बनलेला. आपण सगळं बालपण सतरा टक्के हळू मारिओ खेळत काढलं, गाण्यासकट.

बंदुकीपाशी मात्र हार माना. भाच्याने एलईडी टीव्हीवर अर्धा तास बदकांच्या गेममधली बदकं मारली, एक पडलं नाही. गेममधला कुत्रा हसत राहिला. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदूक त्याचा उजेड टिपते. तोही साधा उजेड नाही, जुन्या नळीच्या टीव्हीत रेघ-रेघ करत उमटणारा, तोही अगदी त्याच क्षणी. एलईडीवर तसा उजेडच नाही, आणि चौकोनही उशिरा येतो. बंदूक उघडून काही दुरुस्त होणार नाही. गावाकडे कुणाचा नळीचा टीव्ही पडून असेल तर तो आणा. पण त्याचं मागचं झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत जबर झटका साठलेला असतो. आमच्या शेजारच्या काकूंकडे तसला एक निघाला, वर क्रोशाचं कव्हर घातलेला. पहिल्या गोळीला बदक पडलं तेव्हा भाच्यापेक्षा काकूच जोरात ओरडल्या.