वर्कस्टेशन घ्यायचं का? आधी टास्क मॅनेजर उघडा

वर्कस्टेशन, म्हणजे जड व्यावसायिक कामांसाठीचा खास ताकदवान कॉम्प्युटर, घेऊ का असं कोणी विचारलं की माझं म्हणणं एकच, आत्ता जो पीसी आहे त्यावर तुमचं सगळ्यात जड काम लावा, व्हिडिओ एक्सपोर्ट असो, रेंडर असो नाहीतर इमारतींच्या डिझाइनची मोठी रेविट फाईल, आणि विंडोजमधल्या टास्क मॅनेजरचा परफॉर्मन्स टॅब उघडून बघत बसा की गाडी नेमकी कुठे अडतेय.

सीपीयूच्या (मुख्य प्रोसेसरच्या) ग्राफवर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्स निवडा म्हणजे प्रत्येकाची वेगळी चौकट दिसते. बऱ्याच जणांना दिसेल की एक-दोन चौकटीच पळतायत, बाकीच्या निवांत, आणि एकूण आकडा जेमतेम १० टक्के. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं बरंचसं काम असंच एका कोअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच भागावर चालतं. त्यासाठी ९६ कोअरचा थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स हा वर्कस्टेशनचा प्रोसेसर घेणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण त्याचा बूस्ट (कमाल वेग) ५.१ गिगाहर्ट्झ आणि कितीतरी स्वस्त असलेल्या रायझन ९ ९९५०एक्सचा ५.७!

रॅम काठोकाठ भरून डिस्क १०० टक्क्यांवर जात असेल तर आधी रॅम वाढवा, मशीन बदलायची घाई नको. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्स या इंजिनवर रेंडर करणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्डाची मेमरी बघावी. सीन आरटीएक्स ४०९० कार्डाच्या २४ जीबीत आरामात मावत असेल तर चांगला डेस्कटॉप बास झाला, नसेल मावत तर मग ४८ जीबीच्या आरटीएक्स ६००० एडाचा विचार करा, तेही कार्डापुरताच.

मग वर्कस्टेशन खरंच कोणाला लागतं? ज्यांच्या सिम्युलेशनला शेकडो जीबी रॅम लागते, ज्यांना तीन-चार कार्डं पूर्ण वेगाने चालवायचीयत (थ्रेडरिपर प्रोला १२८ पीसीआयई लेन, म्हणजे कार्डं जोडायच्या वाटा, मिळतात, साध्या डेस्कटॉपला त्याच्या पासंगालाही नाहीत), किंवा ज्यांचं गणित दिवसेंदिवस चालतं आणि मेमरीत एक बिट उलटा पडला तरी सगळा निकाल वाया जातो, त्यांना. या शेवटच्यांनी तर ईसीसी रॅम (अशा चुका स्वतःच दुरुस्त करणारी) घ्यावीच, तिथे काटकसर नको. सॉलिडवर्क्स या मशीन डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर पोट असेल तर त्यासाठी तपासून मान्य केलेल्या (सर्टिफाइड) कार्ड आणि ड्रायव्हरचे पैसेही वसूल होतात.

आणि बजेट काढताना यूपीएस धरा हो, लोक नेमकं हेच विसरतात. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच झेपवतो, लोडवर १००० वॉट ओढणारं मशीन त्यावर टिकणारच नाही, आणि असं मशीन रोज आठ तास चाललं तर दिवसाला ८ युनिट वीज, तेही महिन्याच्या हिशोबात घ्या.