मसुराच्या आमटीत सोलां शेवटी घालावीत

आमटी आंबट हवी म्हणून सोलां, म्हणजेच आमसुले, डाळीबरोबरच शिजायला टाकली की डाळ अर्धा तास उकळूनही कणीदारच राहते आणि गॅस मात्र फुकट जळतो.

त्याऐवजी एक वाटी मसूर डाळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन, तीन वाट्या पाणी व पाव चमचा हळद घालून उघड्या पातेल्यात शिजवावी. ती भिजवावी लागत नाही आणि वीसेक मिनिटांत चिमटीत धरताच विरघळते. तशी विरघळल्यावरच दोन मोडलेल्या हिरव्या मिरच्या, मीठ आणि नारळाचा दुसरा, पातळ रस घालून एक उकळी काढावी, मग तीन-चार सोलां टाकून पाच मिनिटे मंद आचेवर ठेवावे. सोलां खारट असतील तर मीठ आधी कमीच घालावे. वरून खोबरेल तेलात मोहरी, कढीपत्ता व ठेचलेल्या लसणाची फोडणी द्यावी. लसूण तांबूस होईपर्यंत धीर धरावा, माझ्या मते आमटीची निम्मी चव तिथेच असते.

एक खबरदारी मात्र घ्यावी: पहिला, दाट रस आच बंद केल्यावरच घालावा, कारण आंबट आमटीत तो उकळला की फाटतो.