कारवानी पिल्लू आणि चिंधीचा ससा

दिवाळी झाली, पहाटे गारवा सुटला की मला हमखास एक प्रश्न येतो: "पिल्लू आठ महिन्यांचं झालंय, सशावर कसं तयार करायचं?" प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा लातूर-नांदेडकडचा नाहीतर सोलापूर-सांगलीचा असतो. पिल्लू कारवानी, म्हणजे शिकारीच्या सडपातळ कुत्र्यांच्या जातीचं. कर्नाटकात याच कुत्र्याला मुधोळ म्हणतात आणि लांब केसांचं निघालं तर पश्मी. माझं उत्तर ठरलेलं आहे. खऱ्या सशावर तयार करायचंच नाही, चिंधीच्या सशावर, म्हणजे दोरीने ओढलेल्या चिंधीमागे पळवून करायचं. आपल्याकडचा ससा म्हणजे काळ्या मानेचा रानससा, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार बंद आहे. या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, कुत्र्यांकरवी पाठलाग करणं, हाकून काढणं, आमिष दाखवणं, एवढंच काय, यातल्या कशाचाही प्रयत्न करणं हेसुद्धा शिकारीतच मोडतं. त्यामुळे "आम्ही फक्त पळवलं, धरलं नाही" ही सबब चालत नाही. तरी लोक मोबाईलवर चित्रण करून सगळ्या गावाला दाखवतात, याचं मला नवल वाटतं.

जुनी माणसं म्हणतात, ससा दाखवल्याशिवाय कुत्रं पळत नाही. मला हे पटत नाही. हे कुत्रं वासावर नाही, नजरेवर चालतं. समोर काहीतरी सुळकन हललं की त्याचे पाय आपोआप सुटतात, मग ते ससा असो की प्लास्टिकची पिशवी. पळायला शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते परत यायला, आणि निम्म्याहून जास्त तयारी तिथेच खर्ची पडते.

म्हणून सुरुवात शिट्टीपासून. पिल्लू दोन महिन्यांचं असल्यापासून रोज खायला घालताना शिट्टी वाजवायची, तीच शिट्टी, तसेच दोन आवाज. शिट्टी म्हणजे ताटली, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं की मग अंगणात, मग बांधावर, मग मोकळ्या माळावर. माळावर गेल्यावर गळ्यात लांब दोरी हवी. बाजारातला महागडा पट्टा कशाला, बैलाचा जुना कासरा उत्तम. आठ-दहा मीटर लांबीचा, हाताला न कापणारा. पिल्लाला जाऊ द्या, शिट्टी मारा, आलं की उकडलेल्या अंड्याचा तुकडा किंवा कलेजीचा लहानसा घास. नाही आलं तर कासरा हळू ओढून घ्या, पण रागवू नका. एकदा जवळ आल्यावर मार खाल्लेलं कारवानी दुसऱ्यांदा हाताच्या अंतरावर उभं राहून तुमच्याकडे बघत राहतं. ही जात मानी आहे.

गळ्यातला पट्टा रुंद घ्या, दोन बोटं तरी. याची मान लांब आणि डोकं निमुळतं, साधा अरुंद पट्टा मागे खेचला की कानांवरून सटकतो. ओढल्यावर थोडा आवळणारा पण ठरावीक मापाच्या पुढे न जाणारा पट्टा मिळाला तर तोच घ्या.

याच काळात त्याला शेळ्या, मेंढ्या, कोंबड्या, गावातली मांजरं सगळं दाखवायचं. कासऱ्यावर धरून, शांतपणे, रोज. हे चौथ्या महिन्याच्या आत केलं तर सोपं जातं. उशीर केला तर पुढे धनगराच्या कळपाशेजारून जाताना तुम्हालाच घाम फुटेल.

डॉक्टरकडची कामं थोडक्यात सांगतो. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, नंतरचे डोस डॉक्टर सांगतील तसे, रेबीजची तिसऱ्या महिन्यात. जंताचं औषध लहानपणी दर पंधरा दिवसांनी. गोचीड मात्र रोज हाताने बघायची, कानाच्या आत आणि बोटांच्या मधे, कारण गोचीड ताप कुत्र्याला आतून पोखरतो आणि कळेपर्यंत उशीर होतो. आणखी एक: कधी शस्त्रक्रियेची वेळ आली तर हे ग्रेहाउंडसारखं सडपातळ कुत्रं आहे, हे भूल देण्याआधी आठवणीने सांगा. अंगावर चरबी कमी असल्यामुळे काही भुलीच्या औषधांचा अंमल लवकर उतरत नाही.

खाण्यात नुसती भाकरी-दूध देऊन भागत नाही. भाकरी असू द्या, पण सोबत अंडं, मटणाचे किंवा कोंबडीचे तुकडे हवेत. पळवायच्या आधी दोन-तीन तास काही देऊ नका आणि पळून आल्यावर धाप पूर्ण उतरेपर्यंतही नाही. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, आणि तो प्रकार काही तासांत जीव घेतो.

आता वयाचं. आठ महिन्यांचं कारवानी उंचीने मोठ्या कुत्र्याएवढं दिसतं आणि इथेच माणूस फसतो. हाडांच्या टोकांची वाढ अजून चालूच असते. जोरात पळताना घेतलेली तीव्र वळणं तेव्हा सांध्यांवर येतात. म्हणून वर्ष पुरं होईपर्यंत फक्त खेळ. बांबूच्या काठीला दोन मीटर दोरी, दोरीच्या टोकाला चिंधी किंवा चामड्याचा तुकडा. चिंधी जमिनीवरून सरळ ओढायची, हवेत उडवायची नाही, नाहीतर पिल्लू उड्या मारतं आणि पाठीला मार बसतो. पाच मिनिटं पुरे. अजून हवं असतानाच थांबायचं, आणि शेवटी चिंधी त्याला धरू द्यायची. कधीच हाती न लागणाऱ्या चिंधीवर हुशार कुत्रं चार दिवसांत पाठ फिरवतं.

वर्ष झालं की सायकलचं यंत्र बनवा. जुनी साधी काळी सायकल उलटी करून सीट आणि हँडल जमिनीवर टेकवायचं, मागचा टायर-ट्यूब काढायचा, रिमवर नायलॉनची दोरी बांधून शंभर मीटरवर चिंधी न्यायची. हाताने पेडल फिरवलं की दोरी गुंडाळली जाते. पुढच्या चक्राला 44 आणि मागच्याला 18 दात असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात रिम जवळपास अडीच वेळा फिरते आणि साधारण पाच मीटर दोरी आत येते. सेकंदाला दीड फेरा म्हणजे ताशी 27 किलोमीटर. शिकाऊ कुत्र्याला हे भरपूर झालं. यंत्राच्या पंधरा मीटर अलीकडे चिंधी थांबलीच पाहिजे. कुत्रं दोरी ओलांडायला लागलं तर त्या क्षणी पेडल सोडा, ताणलेली नायलॉन दोरी पायाची कातडी सोलते. आठवड्यातून दोनदा, तीन-चार धावा. दोन कुत्री एकत्र नकोत, निदान पहिले दोन-तीन महिने.

जागा निवडायला मी सगळ्यात जास्त वेळ घेतो. आधी स्वतः चालून बघतो. ज्वारी काढलेलं रान लांबून छान मोकळं दिसतं, पण त्यातली धसकटं भाल्यासारखी उभी असतात. तुरीचे खुंट त्याहून वाईट. माझ्या पहिल्या कुत्रीच्या छातीला असाच खुंट लागला आणि सात टाके पडले. रान मीच निवडलं होतं. बिनकठड्याची विहीर, तारेचं कुंपण, डांबरी रस्ता यातलं काहीही हाकेच्या अंतरात असेल तर ती जागा सोडा. नजर चिंधीवर असलेल्या कुत्र्याला विहीर दिसत नाही. उसाच्या कडेलाही नको, बिबट्या बरेचदा तिथेच असतो. सराटे आणि कुसळं नसलेला मुरमाड, गवताळ माळ सगळ्यात चांगला. वेळ पहाटेची, ऊन चढायच्या आत घरी. पाण्याचा कॅन सोबत असावाच. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबली, चाल अडखळली, तर सावलीत नेऊन पोटावर आणि जांघांत साधं पाणी ओता आणि डॉक्टरकडे न्यायला गाडी काढा.

इतकं सगळं करूनही एखाद्या पहाटे खरा ससा उठणार. तो बिळात राहत नाही, गवतात खळगा करून बसतो आणि अगदी पायाजवळून सुटतो. कासरा हातात असेल तर तिथेच बसकण मारा, म्हणजे झटका खांद्यावर येणार नाही. कुत्रं सुटलंच तर मागे पळू नका, नाव घेऊन ओरडू नका. तुम्ही ओरडत पळत आलात की त्याला वाटतं धनीही पाठलागात सामील झाला. नजरेआड झालेला ससा या कुत्र्यासाठी संपलेला असतो, तेवढा वेळ जाऊ द्या. मग दोनदा शिट्टी, आणि उलट्या दिशेने चालायला लागा. अर्ध्या तासाने का होईना, ते येतं. आल्यावर अंडं द्या, पट्टा धरा, चारही पंजे उलटे करून बघा आणि धाप उतरली की थोडं थोडं पाणी पाजा. पुढचे आठ दिवस चिंधी बंद, फक्त कासरा आणि शिट्टी.