रेझिन मिनिएचरचा रंग काढताना या चुका टाळा

‘रात्रभर भिजत ठेवलं होतं. आता भाला वाकडा झालाय आणि अंगाला हात लावला तर चिकट लागतंय. काय करू?’

रेझिनच्या (एक प्रकारच्या कडक प्लास्टिकच्या) छोट्या मूर्ती, म्हणजे मिनिएचर, रंगवणाऱ्यांकडून हा प्रश्न मला सतत येतो आणि उत्तर देताना दरवेळी जीव तुटतो, कारण तोवर करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. बिघडलेला रंग दहा वेळा काढता येतो. फुगलेलं, तडकलेलं रेझिन पूर्ववत होत नाही.

बहुतेक घोळ एकाच जागी सुरू होतो. मॉडेल कशाचं आहे हे न बघता लोक त्यावर द्रव ओततात. धातूच्या मॉडेलला ॲसिटोन चाललं, म्हणून रेझिनलाही चालेल असं धरून चालतात. पॉलिस्टायरीन प्लास्टिकचा ॲसिटोनमध्ये बघता बघता लगदा होतो. रेझिनचं तसं होत नाही आणि तिथेच फसगत होते. वरून सगळं ठीक दिसतं, पण कडा मऊ पडलेल्या असतात. त्या कडांवरून ब्रश फिरला की नक्षी गेलीच. रेझिनला ॲसिटोन लावायचं नाही. थोडंसंही नाही आणि ‘पटकन बुडवून काढतो’ हेही नाही.

दुसरं म्हणजे, ‘रेझिन’ हा एकच पदार्थ नाही. साच्यात ओतलेलं दोन भागांचं पॉलियुरेथेन वेगळं आणि अतिनील प्रकाशाने कडक होणारं थ्रीडी प्रिंटरचं रेझिन वेगळं. भिंग घेऊन बघा. केसासारख्या बारीक समांतर रेघा आणि सपोर्ट (छापताना आधाराला लागणाऱ्या काड्या) तोडल्याचे ठिपके दिसले, तर मॉडेल प्रिंट केलेलं आहे. साच्याची शिवण किंवा हवेचे बारीक बुडबुडे दिसले, तर ते ओतीव आहे. एवढं बघायला एक मिनिट लागतं, पण ते एक मिनिटही लोक देत नाहीत.

बरणीत टाकून विसरणं

ही चूक माझ्या हातून झाली आहे, तीही मित्राच्या मॉडेलवर, म्हणून ती मला जास्त लागते.

झग्यातला एक म्हातारा जादूगार होता, हातात काठी, पायाशी खडक. प्रिंट केलेला. मित्राने त्यावर रंगाचे इतके थर चढवले होते की झग्याच्या चुण्या बुजून गेल्या होत्या. मी तो शुक्रवारी संध्याकाळी आयपीएच्या, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बरणीत ठेवला आणि सोमवारी बाहेर काढला. रंग अगदी सुरेख सुटला होता, बोट लावलं तरी पापुद्रे निघत होते. पण झग्याची कड रबरासारखी वाकत होती आणि तिच्यावर माझ्या नखाची खूण उमटून राहिली. म्हटलं, वाळेल तसं कडक होईल. वाळताना पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत तडा गेला. दुसऱ्या दिवशी पायाशी असलेला पोकळ खडक फुटला आणि आत वर्षभर अडकून पडलेलं कच्चं, म्हणजे कडक न झालेलं रेझिन बाहेर झिरपलं.

असं का होतं, ते नीट समजून घ्या. प्रिंट केलेलं रेझिन कडक झालं तरी अल्कोहोल थोडंथोडं शोषतं आणि फुगतं. बाहेर काढल्यावर वरचा थर आधी वाळून आकसतो, आतला भाग मात्र फुगलेलाच असतो. हा ताण बारीक जागी सहन होत नाही आणि तडा जातो. मॉडेल पोकळ असेल आणि आत कच्चं रेझिन राहिलं असेल, तर धोका आणखी वाढतो.

तेव्हापासून मी फोनवर घड्याळ लावल्याशिवाय बरणीचं झाकणच लावत नाही. प्रिंट केलेलं मॉडेल दहा मिनिटं बुडवतो, बाहेर काढतो, मऊ टूथब्रशने घासतो, धुतो आणि पूर्ण वाळू देतो. रंग उरला तर पुढची फेरी दुसऱ्या दिवशी. ओतीव रेझिन जास्त सोसतं, त्याला मी वीस-पंचवीस मिनिटं देतो, पण तेही नजरेसमोर. हे आकडे माझ्या सवयीचे आहेत. तुमच्या मॉडेलसाठी आधी बैठकीच्या खालच्या बाजूला कापसाने थोडं आयपीए लावून बघा. तिथे चिकट झालं तर पुढे जाऊच नका.

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ असं नवीन मंडळी विचारतात. ज्याने मॉडेल रंगवायला तीन आठवडे घालवले, त्याला रंग काढायला तीन संध्याकाळी जड का व्हाव्यात, हे मला खरंच कळत नाही.

पाइन तेलाच्या जंतुनाशकावर पाणी

डेटॉलसारख्या पाइन तेलाच्या जंतुनाशकाने ॲक्रिलिक रंग निघतो, हे खरं आहे. पण सुटलेला रंग अंगावर असताना मॉडेल नळाखाली धरलं, की त्याचा डिंकासारखा चिकटा होतो आणि प्रत्येक खाचेत जाऊन बसतो. आधी त्याच द्रवात घासून रंग पूर्ण काढा, मग स्वच्छ द्रवात खळबळा, पाणी सगळ्यात शेवटी. शिवाय काही रेझिन यातही मऊ पडतात. घरात मांजर असेल तर हे उघडं ठेवूच नका, त्यातलं क्लोरोझायलेनॉल मांजरांना घातक असतं. मी स्वतः ते सोडून दिलं आहे.

ब्रेक ऑइलचा सल्ला अजूनही कुणी ना कुणी देतंच. रंग निघतो, पण ते त्वचेतून शरीरात जातं, आणि वापरलेल्याची विल्हेवाट लावणं वेगळीच डोकेदुखी. नको.

शेवटच्या डागाच्या मागे लागणं

ही चूक हळूहळू होते, म्हणून लक्षात येत नाही. नव्वद टक्के रंग निघालेला असतो. डोळ्यांच्या कोपऱ्यात, दाढीच्या बटांमध्ये करडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, उरलेला असतो. मग टूथब्रशच्या जागी कडक ब्रश येतो, नंतर पितळी तारांचा, मग सुई. प्रत्येक पायरीला वाटतं, एवढंच राहिलंय.

एका मुलाने मला त्याचा अर्धपुतळा दाखवला होता. अंगावर प्रायमरचा कणही नव्हता. आणि पापण्याही नव्हत्या. नाकाचा शेंडा सपाट, ओठांची रेघ पुसलेली, गालावर तारांचे ओरखडे. त्याने विचारलं, ‘स्वच्छ निघालाय ना?’ मला बोलवेना. ज्या शिल्पकाराने ती पापणी घडवली, त्या शिल्पकाराचं काम पाच मिनिटांत पुसलं गेलं होतं.

स्प्रेचा लॅकर प्रायमर रेझिनला घट्ट धरतो आणि आयपीएने बरेचदा निघत नाही. तो काढायचा नाही. पातळ आणि घट्ट बसलेला प्रायमर राहिला म्हणून काही बिघडत नाही, त्यावरच नवीन प्रायमर द्यायचा. माझी कसोटी साधी आहे: उरलेल्या डागावर नखाने हलकेच ओढायचं. खपली निघाली तर आणखी एक फेरी. निघाली नाही आणि खालची नक्षी स्पष्ट दिसत असेल, तर हात आवरायचा. खाचांसाठी आयपीएत बुडवलेली लाकडी टूथपिक वापरा, टोक दाताने चावून थोडं मऊ करून मगच बुडवा. धातूचं काहीही नको.

बाकीच्या चुका

उकळतं पाणी ओतू नका, रेझिन उष्णतेने मऊ पडतं आणि तलवारी, भाले आधी वाकतात.

अल्ट्रासॉनिक यंत्राच्या (ध्वनिलहरींनी सफाई करणाऱ्या) टाकीत थेट आयपीए भरू नका. ते सहज पेट घेतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने टेबलापाशीच साठून राहते. खिडकी उघडी हवी, जवळ ज्योत नको.

ब्लीच आणि आयपीए एकत्र करू नका, त्यातून क्लोरोफॉर्मसारखे विषारी पदार्थ तयार होतात. ‘दोन्ही मिसळलं तर दुप्पट काम’ हा विचार डोक्यातून काढून टाका.

इनॅमल (तेलावर आधारलेल्या) रंगावर आयपीए फारसं चालत नाही. तो निघत नाही म्हणून भिजवायचा वेळ वाढवत बसू नका.

सुपरग्लूचे सांधे सुटू शकतात. बरणी रिकामी करताना खाली बारीक गाळणी धरा, नाहीतर सुटलेला हात मोरीतून वाहून जातो.

हातमोजे नायट्राइलचे घाला. कच्च्या रेझिनची ॲलर्जी एकदा जडली की सहसा सुटत नाही.

रंग काढल्यावर साबणाच्या कोमट पाण्याने धुवा आणि किमान एक पूर्ण दिवस वाळू द्या. आत अल्कोहोल राहिलेलं असताना मारलेला प्रायमर नीट धरत नाही, आणि मग ‘रेझिनच खराब होतं’ अशी तक्रार येते. वापरलेलं आयपीए मोरीत ओतू नका. झाकण लावून दोन दिवस ठेवलं की रंगाचा गाळ तळाशी बसतो. वरचं निवळ हळूच दुसऱ्या बरणीत काढून घ्या, ते पुढच्या मॉडेलला चालतं. गाळ उघड्या हवेत पूर्ण वाळवून, त्याची खपली झाली की मग टाका.