दोन टर्मवाल्या अमेरिकन अध्यक्षांना मार्क देताना या चुका टाळा

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात दर चार वर्षांनी एक विषय ठरलेला असतो: दुसऱ्या महायुद्धानंतर दोनदा निवडून आलेल्या अमेरिकन अध्यक्षांपैकी यशस्वी कोण? पोरं दहा मिनिटं फोन चाळतात आणि अकराव्या मिनिटाला यादी तयार. तीच नावं, तोच क्रम, त्याच चुका. वह्यांवर लाल पेनाने तेच तेच लिहून कंटाळलो. म्हटलं, एकदाच सगळं इथे लिहून टाकावं.

आधी नावं तरी बरोबर घ्या. केनेडींना कुणीतरी घुसडतंच, आणि त्यांना एक टर्मसुद्धा पुरी मिळालेली नाही. ट्रुमन आणि जॉन्सन उपाध्यक्षाचे अध्यक्ष झाले, स्वतःच्या नावावर एकेकदाच निवडून आले. उरले आयझेनहॉवर, निक्सन, रेगन, क्लिंटन, धाकटे बुश, ओबामा आणि मध्ये चार वर्षांचा खंड पडून परत आलेले ट्रम्प. निक्सन दोनदा जिंकले खरे, पण ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा देऊन गेले. खुर्चीवर साडेपाच वर्षंच होते.

आणि हो, एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. शून्यं मोजून लिहा.

शपथविधीच्या दिवशी हिशेब सुरू करणं

ही माझी नावडती चूक, कारण ती मी स्वतः केली आहे. तीही भर सभेत.

२०१२ साल. साताऱ्याला एका वाचनालयाच्या सभागृहात व्याख्यान होतं. मी मोठ्या हौसेने अमेरिकेच्या वित्तीय तुटीचा आलेख करून नेला होता. बुश यांची वर्षं लाल, ओबामांची निळी. २००८ ची तूट साधारण ४६ हजार कोटी डॉलर, लाल. २००९ ची एकदम १.४ लाख कोटी, निळी. पडद्यावर तो निळा खांब छताला टेकला आणि मी म्हणालो, ‘बघा, पहिल्याच वर्षी तिप्पट!’ लोक हळहळले. मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या रांगेतून एक गृहस्थ उठले. ऑडिट खात्यातून निवृत्त झालेले, हातात पिशवी.

‘सर, हे वर्ष कुठल्या महिन्यापासून धरलंय?’

‘जानेवारी. शपथ जानेवारीत होते ना.’

‘आपल्याकडं एप्रिल असतं. त्यांच्या सरकारचं जानेवारी असतं का?’

नसतं. अमेरिकन सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. म्हणजे २००९ चं वर्ष सुरू झालं १ ऑक्टोबर २००८ ला, लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडून पंधरा दिवस झाले होते तेव्हा. खुर्चीत बुश होते आणि निवडणूकसुद्धा व्हायची होती. नंतर घरी येऊन शोधलं तर जास्तच लाज वाटली. अमेरिकन संसदेच्या बजेट ऑफिसने जानेवारी २००९ च्या पहिल्या आठवड्यातच त्या वर्षाची तूट सुमारे १.२ लाख कोटी होणार असं सांगून ठेवलं होतं. ओबामांचा शपथविधी २० जानेवारीचा. त्यांच्या फेब्रुवारीतल्या मदत पॅकेजने त्यात भर घातली हे खरं, पण माझा निळा खांब बव्हंशी लाल होता. पुढे २०१५ पर्यंत तूट ४४ हजार कोटींच्या आसपास उतरली, ते खांब मी आलेखात घेतलेच नव्हते. २०१२ मध्ये ते कुठून असणार म्हणा. निकाल लावायची घाई मात्र तेव्हाच झाली होती.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. प्रत्येक अध्यक्षासाठी वहीचं एक पान. डावीकडे ‘हातात काय आलं’, उजवीकडे ‘जाताना काय ठेवलं’. डावी बाजू भरल्याशिवाय उजवीला पेन लावायचं नाही. ही काही शास्त्रशुद्ध पद्धत नाही. पण पोरांना सांगितली की त्यांचे चेहरे पडतात, कारण डावी बाजू भरायला वाचावं लागतं.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे रेगन. ‘रेगननी महागाई आटोक्यात आणली.’ १९८० मध्ये महागाई साडेतेरा टक्के होती आणि १९८३ मध्ये तीन टक्क्यांच्या थोडी वर आली, हे आकडे बरोबर. पण व्याजदर वीस टक्क्यांच्या घरात नेऊन ती मोडली फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, पॉल व्होल्कर यांनी, आणि त्यांना ऑगस्ट १९७९ मध्ये नेमलं रेगनच्या आधीचे अध्यक्ष कार्टर यांनी. मग रेगन यांचं श्रेय शून्य का? मुळीच नाही. १९८२ अखेर बेकारी पावणेअकरा टक्क्यांवर गेली, जानेवारी १९८३ मध्ये त्यांची लोकप्रियता ३५ टक्क्यांवर घसरली, तरी त्यांनी व्होल्करना बळीचा बकरा केलं नाही. उलट त्याच वर्षी पुन्हा नेमलं. स्वतःचा पक्ष बोंबलत असताना गप्प बसणं हेही राज्यकर्त्याचं काम आहे, आणि ते आलेखात दिसत नाही. उजव्या बाजूला मात्र हेही लिहा की राष्ट्रीय कर्ज त्यांच्या आठ वर्षांत जवळजवळ तिप्पट झालं. आणि बर्लिनची भिंत नोव्हेंबर १९८९ मध्ये पडली. रेगन जानेवारीतच घरी गेले होते.

निरोपाच्या टाळ्या मोजणं

‘सर, जाताना क्लिंटनची लोकप्रियता ६० टक्क्यांच्या वर होती.’ होती. मग?

धाकट्या बुशना सप्टेंबर २००१ मध्ये गॅलपच्या पाहणीत ९० टक्के पाठिंबा होता, ऑक्टोबर २००८ मध्ये २५. दोन्ही आकडे त्या त्या महिन्याची हवा सांगतात.

पण खरं उदाहरण आयझेनहॉवर यांचं. मतदारांचे लाडके होते, तरी पंडितांच्या लेखी ते गोल्फ खेळणारे, वाक्यं अर्धवट सोडणारे म्हातारे जनरल. १९६२ मध्ये इतिहासकारांनी क्रम लावला तेव्हा त्यांना २२ वा नंबर दिला. २०२१ च्या सी-स्पॅन या अमेरिकन वाहिनीच्या पाहणीत तेच पाचवे आहेत. माणूस तर १९६९ मध्येच वारला, मग मधल्या काळात सुधारला कसा?

कागद उघडले. पत्रं, डायऱ्या, बैठकांची टिपणं बाहेर आली आणि कळलं की म्हातारा झोपला नव्हता. १९५५ मध्ये तैवानच्या बाजूच्या बेटांवरून चीनशी तणाव वाढला होता. पत्रकार अणुबॉम्बबद्दल विचारतील म्हणून त्यांचे प्रेस सेक्रेटरी हवालदिल झाले, तेव्हा साहेबांनी सांगितलं की काळजी करू नकोस, प्रश्न आलाच तर मी त्यांना गोंधळात टाकीन. आणि टाकलं. पंडित ज्या अडखळण्याला हसले ते निदान त्या दिवशी तरी ठरवून केलेलं होतं!

त्यांची उजवी बाजू बघा. जुलै १९५३ मध्ये कोरियात युद्धविराम. १९५४ मध्ये व्हिएतनाममध्ये फ्रेंच अडकले तेव्हा त्यात उडी घेतली नाही. १९५६ चा महामार्गांचा कायदा: ४१ हजार मैल, म्हणजे सुमारे ६६ हजार किलोमीटर, आणि ९० टक्के खर्च केंद्राचा, तोही पेट्रोलवरच्या करातून. १९५७ मध्ये लिटल रॉक शहरातल्या गोऱ्यांच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना जाता यावं म्हणून थेट लष्कर पाठवलं. आठपैकी तीन अंदाजपत्रकं शिलकीची. यातल्या बऱ्याच गोष्टी ‘न केलेल्या’ आहेत, आणि न केलेलं काम यादीत लिहायला नवख्यांना फार जड जातं.

माझा नियम: अध्यक्ष जाऊन वीस वर्षं झाल्याशिवाय पेनाने नंबर लिहायचा नाही. तोवर पेन्सिल.

‘आपल्याकडे आला होता’

मराठी घरातली खास चूक. क्लिंटन उत्तम, कारण मार्च २००० मध्ये आले आणि त्याच वर्षी एच-वन-बी व्हिसाची मर्यादा १ लाख ९५ हजारांवर गेली. पुण्याच्या निम्म्या सोसायट्यांमधून कुणी ना कुणी न्यू जर्सीला पोहोचलं. मे १९९८ मध्ये पोखरणनंतर निर्बंध लावले ते हेच क्लिंटन, हे कुणाच्या लक्षात नसतं. निक्सन वाईट, कारण १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात आरमार धाडलं. राग रास्तच आहे, पण म्हणून १९७२ चा चीन दौरा पुसला जात नाही. बुश चांगले, कारण भारताशी अणुकरार. जैतापूरच्या फ्रेंच अणुभट्ट्यांची बोलणी त्याच दारातून आत आली. तिकडे इराकमधले मृत्यू, न्यू ऑर्लिन्सचा पूर आणि कोसळलेल्या बँका मोजून लोकांनी त्यांना २५ टक्के दिले होते. ‘भारताला कोण फायद्याचं’ हा चांगला विषय आहे. त्यावर वेगळा निबंध लिहा.

उरलेल्या चुका, थोडक्यात

अध्यक्ष म्हणजे राजा समजणं. क्लिंटन यांचे १९९८ ते २००१ हे शिलकीचे चार हिशेब त्यांचे, तसेच थोरल्या बुशनी १९९० मध्ये ‘नवे कर नाहीत’ हा शब्द मोडून वाढवलेल्या करांचे, रिपब्लिकन संसदेचे आणि डॉट-कॉमच्या फुग्याचेही.

दोन टर्मची सरासरी काढणं. निक्सनच्या वॉटरगेट प्रकरणाचा स्फोट, रेगनचं इराण-कॉन्ट्रा शस्त्रविक्री प्रकरण, क्लिंटनवरचा महाभियोग, धाकट्या बुशच्या वेळचं कॅटरिना वादळ, सगळं दुसऱ्या टर्ममधलं. मी दुसरी टर्म आधी वाचतो.

सही आणि कायदा एकच समजणं. ओबामांचा आरोग्य कायदा जुलै २०१७ मध्ये सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४९ असा वाचला; रिपब्लिकन सिनेटर मॅकेन यांनी रात्री उशिरा अंगठा खाली केला आणि तो टिकला. ओबामांचा इराणशी झालेला अणुकरार सिनेटच्या मंजुरीशिवायचा होता, तो मे २०१८ मध्ये ट्रम्प यांनी सोडून दिला. विरोधी पक्षाचा माणूस आल्यावर काय उरलं, तेवढंच मी उजव्या बाजूला ठेवतो.

‘तुमची यादी सांगा’ असं विचारणारे असतातच. आयझेनहॉवर पहिले. रेगन दुसरे, कर्जासाठी चार मार्क कापून. क्लिंटन तिसरे, पण १९९९ मध्ये बँकांवरचं जुनं बंधन काढणाऱ्या कायद्यावर त्यांनी केलेली सही मला अजून खुपते. ओबामा पेन्सिलने चौथे. बुशही पेन्सिलनेच पाचवे, आफ्रिकेतल्या एड्स कार्यक्रमाचे मार्क देऊनही तळाला, कारण निक्सन यांना मी क्रमातच धरत नाही. ट्रम्प यांचं पान कोरं आहे.

ही यादी मी साताऱ्याच्या त्या गृहस्थांना नंतर एकदा दाखवली. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचली, माझीच पेन्सिल मागून घेतली आणि आयझेनहॉवर यांच्यासमोर लिहिलं, ‘१९५३, इराण?’ मोसाद्देक यांचं निवडून आलेलं सरकार उलथवण्यात सीआयएचा हात होता, ते साल. मी ते खोडलेलं नाही, आणि त्याच्यापुढे काही लिहिलेलंही नाही.